ऑक्सिजन खरंच प्रीस्टलीने शोधला का? मग शीले कोण?

तुम्ही विचारलंय की शाळेत प्रीस्टली पाठ केला आणि आता कुठेतरी शीलेचं नाव वाचलं, तर खरं काय. थोडक्यात सांगायचं तर गॅस आधी बनवला शीलेने, छापून आणला आधी प्रीस्टलीने.

कार्ल विल्हेल्म शीले, जन्म १७४२, चौदाव्या वर्षी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एका औषधवाल्याच्या हाताखाली लागला, कॉलेजबिलेज काही नाही, जे शिकला ते दुकानातच. १७७१-७२ च्या सुमारास उप्सालात त्याने सोरा, मर्क्युरिक ऑक्साइड असलं काय काय तापवून निघणारा गॅस जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरला (हो, तेव्हा तेच वापरायचे), त्यात मेणबत्ती भडकून जळायची म्हणून त्याला आगीची हवा म्हणाला. प्रीस्टलीचा प्रयोग १७७४ चा. पण शीलेचं पुस्तक आलं थेट १७७७ ला, छापणाऱ्याने रखडवलं, वर प्रस्तावना लिहिणारे रसायनशास्त्रज्ञ बर्गमनसाहेबही निवांत. अर्थात हा गॅस नेमका काय हे दोघांनाही कळलं नव्हतं, दोघेही फ्लॉजिस्टनवाले (म्हणजे जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं असं मानणारे), तो गुंता सोडवला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने.

पण शीले म्हटलं की लोक ऑक्सिजनचं क्रेडिट हुकलेला बिचारा एवढंच बोलतात ते मला पटत नाही, कारण बाकीचं काम बघा ना. १७७४ मध्ये क्लोरीन, तोही फुलापानांचा रंग उडवतो हे बघून लिहून ठेवलं, फक्त ते मूलद्रव्य आहे हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१० ला सांगितलं. आंबलेल्या दुधातून लॅक्टिक ॲसिड, ऑलिव्ह तेलातून ग्लिसरीन. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे १७८४ चं सायट्रिक ॲसिड, लिंबाच्या रसात खडू टाकला की कॅल्शियम सायट्रेट खाली बसतं, ते वेगळं काढून त्यावर सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की कॅल्शियम जिप्सम होऊन बाजूला पडतं आणि उरलेलं पाणी आटवलं की स्वच्छ खडे मिळतात. पुढे शंभरेक वर्षं कारखान्यांत ह्याच पद्धतीने माल निघत होता!

बाकी सायनाइड चाखून तो जागेवर गेला ही व्हॉट्सॲप टाइप गोष्ट सोडून द्या. प्रुसिक ॲसिड (म्हणजे हायड्रोजन सायनाइड) त्याने १७८२ ला बनवलं आणि तो वारला १७८६ ला, त्रेचाळीसाव्या वर्षी, बरेच दिवस आजारी होता. मरणाच्या दोन दिवस आधी त्याने स्वतःच्या औषधाच्या दुकानाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न केलं, म्हणजे ते दुकान तिच्याकडे राहील.