वाचक विचारतात: पितळी टर्मिनल, पिवळा स्क्रू आणि रोह्सचा कागद

मागच्या अंकात इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर अंबड, सातपूर, सिन्नरकडून बरीच पत्रं आली. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न येऊन जातो अशी पाच पत्रं घेतलीत.

ताई, अंबडला आमचं छोटं युनिट आहे, पॉवर सप्लाय आणि छोटे कंट्रोल पॅनल बनवतो. जर्मनीच्या कस्टमरने ऑर्डरच्या आधी दोन डिक्लरेशन मागितलीत, एक रोह्सचं आणि एक रीचचं. शेठ म्हणतात दोन्ही एकच असतं, नेटवरून फॉरमॅट घे, लेटरहेडवर टाक आणि पाठवून दे. सही माझी जाणार आहे. करू का? (एक वाचक, अंबड)

दादा, आज तरी करू नका. आणि दोन्ही एकच नाहीत, इथेच सगळे फसतात.

रोह्स हा इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरच्या बंदीचा कायदा आहे. युरोपात १ जुलै २००६ पासून लागू झाला, तेव्हा सहा पदार्थ होते: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि प्लॅस्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ते दोन ब्रोमीनवाले, पीबीबी आणि पीबीडीई. २०११ मध्ये कायदा नवा आला, युरोपात माल विकायला लागतो त्या सीई मार्कच्या अटीत रोह्स गेलं, आणि २२ जुलै २०१९ पासून चार थॅलेट वाढले, डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी, हे पीव्हीसी मऊ करायला वापरतात. म्हणजे झाले दहा. मर्यादा ०.१ टक्का, फक्त कॅडमियमला ०.०१. आता हा ०.१ टक्का कशाच्या वजनावर, तर अख्ख्या पॅनलच्या नाही, प्रत्येक एकजिनसी मटेरियलच्या. आपल्याकडे मिसळ येते ना ताटात, मटकी वेगळी, रस्सा वेगळा, शेव वेगळी, तसं धरा, प्रत्येक वाटीतलं मीठ वेगळं मोजायचं, रस्सा खारट झाला तर पाव अळणी आहे हे सांगून सुटका नाही. एका साध्या वायरमध्ये तांब्याची तार एक, तिच्यावरचं कथलाचं प्लेटिंग दुसरं, पीव्हीसी तिसरं, आणि वर छापलेली शाई सुद्धा चौथं.

रीचचं तसं नाही. रीच हा एकूणच रसायनांवरचा युरोपचा कायदा, २००७ ला आला, तो खूप मोठा आहे, पण तुमच्यापुरतं महत्त्वाचं म्हणजे त्यातली घातक पदार्थांची यादी, एसव्हीएचसी म्हणतात ती. २००८ मध्ये १५ नावांनी सुरू झाली, आता अडीचशेच्या आसपास गेलीय, आणि साधारण वर्षातून दोनदा वाढते. त्या यादीत नाव आलं म्हणजे लगेच बंदी असं नाही, पण वस्तूत ०.१ टक्क्याच्या वर असेल तर सांगावंच लागतं. आणि वस्तू म्हणजे तुमचा पॅनल नाही, आतला एकेक सुटा भाग, हे युरोपच्या कोर्टाने २०१५ मध्ये स्पष्टच केलंय. २७ जून २०१८ ला या यादीत शिसं आलं.

आता तुमच्या पॅनलमधला पितळी टर्मिनल हातात घ्या. पितळ मशीनवर नीट कटावं, चिप तुटून पडावी म्हणून त्यात शिसं घालतात, साधारण दोन-तीन टक्के असतं, जामनगरहून येणारे बहुतेक पार्ट त्याच पितळेचे. रोह्समध्ये तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सूट दिलेली आहे, म्हणून रोह्सच्या कागदावर हा टर्मिनल पास. पण रीचला ही सूट चालत नाही, तिथे तुम्हाला लिहून द्यावंच लागतं की या भागात शिसं आहे. तुमच्या शेठनी सांगितलेल्या फॉरमॅटमध्ये बहुतेक एक ओळ असेल, आमच्या मालात एकही एसव्हीएचसी नाही. त्या ओळीखाली सही केली की तुम्ही खोटं लिहून दिलं, आणि तेही माल चांगला असताना. खरं लिहिलं असतं तर कस्टमरने ते नुसतं नोंदवून घेतलं असतं, कारण ५ जानेवारी २०२१ पासून त्यालाही ही माहिती युरोपच्या डेटाबेसला द्यायची सक्ती झाली, तो तुमच्याकडे मागतोय ते त्यासाठीच. शिवाय तिकडच्या साध्या गिऱ्हाईकाने दुकानदाराला विचारलं तर ४५ दिवसांत फुकट उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि ते उत्तर शेवटी तुमच्याच कागदावर उभं असतं.

सुटीचंही एक लक्षात ठेवा, प्रत्येक सूट ठरावीक मुदतीची असते, वाढते, कमी होते, कधी काढूनही टाकतात. रिले-कॉन्टॅक्टरच्या कॉन्टॅक्टमधल्या कॅडमियमची सूट आधी सरसकट होती, नंतर मोजक्या वापरांपुरती राहिली. म्हणून डिक्लरेशनवर सुटीचा नंबर लिहायचा आणि पाठवायच्या दिवशी ती चालू आहे का बघायचं.

मी हे इतकं पोटतिडकीने लिहितेय कारण मी स्वतः अशी सही केलेली आहे. २०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट, तेव्हा मी एका कारखान्यात क्वालिटीत होते. लाल पीव्हीसी स्लीव्ह होती, बोटाला किंचित चिकट लागायची आणि नव्या रेनकोटसारखा वास यायचा, परचेसने मधेच सप्लायर बदलला होता आणि नव्या सप्लायरच्या कागदावर रोह्स कम्प्लायंट एवढे दोनच शब्द होते, तारीख २०१६ ची. मी ते फाईलला लावलं आणि सही केली. कस्टमरने तिकडे टेस्ट केली, स्लीव्हमध्ये डीईएचपी निघालं, माल त्यांच्या गोडाऊनला अडकला आणि प्रत्येक खोका उघडून स्लीव्ह बदलावी लागली, त्या मजुरीचं बिल आम्हाला युरोत आलं. २०१६ च्या कागदावर थॅलेटची तपासणी असणारच नव्हती, कारण तेव्हा ते लागूच नव्हते. तारीख वाचली असती तरी कळलं असतं. आणि हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही, २००१ च्या शेवटी नेदरलँड्सने सोनीचे १३ लाख प्लेस्टेशन अडवले होते, केबलमध्ये कॅडमियम जास्त निघालं म्हणून, तेव्हा तर रोह्स यायचं होतं.

मग करायचं काय. बीओएम, म्हणजे मालात लागणाऱ्या सगळ्या पार्टची यादी, काढा, प्रत्येक पार्टसमोर सप्लायरचं नाव, त्याला पत्र लिहा, दहाही पदार्थांची नावं घालून, पार्ट नंबर घालून, रीचच्या यादीची कुठली तारीख धरून विचारताय तेही घालून. आलेला टेस्ट रिपोर्ट त्याच पार्टचा आहे का बघा, बऱ्याचदा काळ्या वायरचा रिपोर्ट लाल वायरला लावून देतात. सगळंच लॅबला पाठवायची गरज नाही, ईएन आयईसी ६३००० हे स्टँडर्डच म्हणतं की जिथे धोका जास्त तिथे पुरावा जास्त घ्या. पीव्हीसी, सोल्डर, प्लेटिंग, रबर, रंग इथे लक्ष द्या, स्टीलच्या पत्र्यावर पैसे घालवू नका. ही फाईल १० वर्षं ठेवायची असते. आणि ज्या पार्टचं उत्तर आलं नाही तिथे कस्टमरला स्पष्ट लिहा की सप्लायरकडून माहिती यायची आहे. मी पाहिलंय, कस्टमर थांबतो, पण खोट्या कागदाला माफ करत नाही.

एक्सआरएफ गनने पिवळ्या झिंक स्क्रूत क्रोमियम दाखवलं, माल रिजेक्ट करू का? (सातपूर)

लगेच नको. एक्सआरएफ म्हणजे एक्स-रे मारून मूलद्रव्य ओळखणारी गन, तिला क्रोमियम आहे एवढंच कळतं, ते सहावालं (हेक्साव्हॅलंट) घातक की तीनवालं चालणारं हे तिला सांगता येत नाही. पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंजू नये म्हणून झिंकवर दिलेला थर, बहुतेक वेळा हेक्साव्हॅलंट असायचं हे खरं, पण आता तीनवाल्यातही पिवळा रंग मिळतो. डायफिनाइल कार्बाझाइडची टेस्ट करून घ्या, जांभळट गुलाबी रंग आला की समजा सहावालं आहे. तसंच थॅलेट एक्सआरएफमध्ये दिसतच नाहीत, त्यासाठी लॅबमध्ये जीसीएमएस नावाची तपासणी लागते, त्यामुळे गन मारली आणि सगळं ओके आलं याला पीव्हीसीच्या बाबतीत काही अर्थ नाही.

ताई, मी घरी जॉबवर्क करते, चार्जरच्या प्लेटवर वायरी सोल्डर करून देते. स्वयंपाकघरातल्याच टेबलावर बसते कारण तिथे उजेड आहे, लहानी मुलगी दोन वर्षांची आहे, पायाशी खेळत असते. धुराने तिला काही होईल का? (एक वाचक, सिडको)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुमच्याकडचं रीळ बघा, त्यावर ६०/४० किंवा ६३/३७ लिहिलं असेल तर दुसरा आकडा शिशाचा आहे, म्हणजे एक किलोच्या ६३/३७ रिळात ३७० ग्रॅम शिसं. सॅक ३०५ किंवा लेड-फ्री लिहिलं असेल तर त्यात शिसं घातलेलं नाही, कथील, थोडी चांदी आणि तांबं असतं.

धुराबद्दल, तो शिशाचा नसतो. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य होते, जो पांढरा धूर दिसतो तो फ्लक्सचा, राळेचा, आणि त्याने दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून खिडकीशी बसा, छोटा फॅन असा ठेवा की धूर तोंडावरून न जाता बाहेर जाईल. शिसं पोटात जातं ते हाताने. वायर बोटांत धरता, बोटं करड्या रंगाची होतात, त्याच हाताने पीठ मळलं, मुलीला घास भरवला की झालं. टिप पुसताना उडालेले बारीक मणी फरशीवर पडतात, मूल रांगतं, हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि त्यांना कमीतकमी एवढं चालतं असं कुठलंही प्रमाण नाही.

म्हणून स्वयंपाकघर आजच सोडा. दुसऱ्या खोलीत एक स्टीलचा ट्रे घ्या, सगळं काम त्या ट्रेच्या आत, काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू मारायचा नाही कारण झाडूने धूळ उडते. जुना गाऊन किंवा एप्रन फक्त त्या कामाला ठेवा आणि वेगळा धुवा. साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लासही उचलायचा नाही. वायर दातात धरायची सवय असते बऱ्याच जणींना, ती अजिबात नको. मुलगी इतके दिवस पायाशी खेळत होती तर डॉक्टरांना सांगून तिच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे. आणि पुन्हा दिवस राहिले तर शिशाच्या सोल्डरचं काम पूर्ण थांबवा.

जो माणूस तुम्हाला काम देतो त्याच्याकडे लेड-फ्री रीळ मागा. ते २१७ ते २२० डिग्रीला वितळतं, जुनं १८३ ला, त्यामुळे आयर्न जरा गरम लागेल आणि जॉइंट चकचकीत न दिसता थोडा मंद दिसेल, तो खराब नाही. टिप मात्र नवी घ्या, जुन्या टिपवर शिसं राहिलेलं असतं. पत्र छापतोय, ते तुमच्या कॉन्ट्रॅक्टरनेही वाचावं, रीळ तो देतो, मग हे कळवणं आणि बदलून देणंही त्याचंच काम आहे.

आम्ही फक्त भारतात विकतो, मग आम्हाला हे काहीच लागू नाही ना? (सिन्नर)

लागू आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून आहेत, आणि आत्ताचे २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले, त्यातल्या १६ व्या नियमात तेच पहिले सहा पदार्थ आणि त्याच मर्यादा आहेत, थॅलेट अजून नाहीत. उत्पादकाने मालासोबतच्या माहितीपत्रकात घातक पदार्थांची माहिती द्यायची, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, आणि विकलेल्या मालाच्या हिशोबाने रिसायकलिंगचं टार्गेट पुरं करायचं. यादीत सात गट आणि १०६ वस्तू आहेत, आधी फक्त २१ होत्या, त्यामुळे जुन्या माहितीवर बसू नका, तुमची वस्तू यादीत आहे का आधी बघा. एमएसएमई कायद्यातल्या सूक्ष्म उद्योगाला हे नियम लागू नाहीत, पण १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, दोन्ही अटी पाहिजेत. शिवाय तुम्ही सूक्ष्म असलात तरी मोठी कंपनी तुमचा पार्ट घेताना कागद मागणारच, कारण ती सूक्ष्म नाही.

घरात जुना डबा टीव्ही, चार मोबाईल आणि काही सीएफएल आहेत. भंगारवाला टीव्हीचे पैसे देतो, देऊन टाकू का? (नाशिकरोड)

काकू, पैसे थोडेच मिळतील पण तो टीव्ही पुढे कुठे जातो ते बघा. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलोच्या घरात. भंगारात काच फोडून टाकतात, तांबं काढायला वायरी जाळतात, पीव्हीसी तांब्यासकट जळलं की डायॉक्सिन तयार होतं. संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवरून काळा धूर आणि तो घशाला लागणारा वास येतो, अंबडच्या बाजूला राहणाऱ्यांना तो नवीन नाही, आणि राख पावसात वाहून नाल्याला, नाल्यातून नंदिनीला, तिथून गोदावरीला.

प्रदूषण मंडळाकडे नोंद असलेल्या रिसायकलरलाच द्या, देताना नोंदणी दाखवा म्हणा, किंवा ज्या कंपनीचा टीव्ही आहे तिच्या कस्टमर केअरला फोन करून परत नेता का विचारा. मोबाईल देण्याआधी डेटा पुसा. बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, वेगळी ठेवा आणि तसं सांगून द्या.

सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, त्या घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका, मूळ खोक्यात उभ्या ठेवा आणि टीव्हीबरोबरच द्या. हातातून फुटलीच तर पंखा बंद करा, खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका, मग जाड कागदाने काच उचला, बारीक पूड चिकटपट्टीने टिपा, आणि सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवा, झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका.