वळण उभं असतं का?

सिन्नरहून एका वाचकाने विचारलंय: 'मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. रस्त्यांच्या सर्वेक्षणाच्या धड्यात "क्षैतिज वक्र" आणि "ऊर्ध्व वक्र" असे शब्द आहेत. ट्रेनिंगला जातो तिथले सुपरवायझर मात्र "आडवं वळण" आणि "उभं वळण" म्हणतात. वळण उभं कसं असेल? बरोबर काय मानायचं?'

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच. पण दोष 'उभं'चा नाही, 'वळण'चा आहे.

वळण म्हटलं की मराठी माणसाचे हात स्टिअरिंगवर जातात. कसारा घाटात 'अवघड वळण' अशी पाटी दिसली की आपण डावं-उजवं बघतो. गाडी चढाला लागली म्हणून ती 'वळली' असं कोणी म्हणत नाही. दोरी वळतात, लाडू वळतात, अक्षराला वळण असतं, पोराला वळण लावतात. एवढी घरं फिरून आलेला शब्द, पण एकाही घरात तो चढत-उतरत नाही. त्यामुळे 'आडवं वळण' हा पिवळा पीतांबर झाला. नुसतं वळण म्हणा, पुरे.

आता दुसरा. मुंबई-आग्रा रस्त्यावरून आपल्या नाशिकमधल्या उड्डाणपुलावर चढताना पायथ्याशी रस्ता हळूच वर उचलला जातो आणि माथ्यावर पुन्हा सपाटीला येतो. ही दोन्ही ठिकाणं गोलसर करून घेतलेली असतात, नाहीतर गाडी आपटेल. या गोलाईला मराठीत चांगला शब्द पडून आहे: बाक. फळीला बाक येतो, आजोबांच्या पाठीला येतो. बाजूने बघितल्यावर दिसतो तो बाक. (शाळेतला बाक वेगळा, त्यावर नुसतं बसायचं.)

चढ आणि बाक मात्र एक नव्हेत. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून तर गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. पण चढ एकसारखा आहे तोवर बाक नाही. चढ बदलतो तिथे बाक येतो. हा बाक सहसा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचा ठेवतात, कारण त्यात दर मीटरला उतार सारख्याच मापाने बदलत जातो.

इंजिनिअर बाकाचे दोन प्रकार मानतात, वर फुगलेला आणि खाली बसलेला. दुसऱ्याला माझ्या मते 'झोळ' म्हणावं. मोजणीची फीत दोघांनी ताणून धरली तरी मध्ये लोंबते, तो झोळ. (झोल नव्हे, झोळ.) हा भेद केवळ शब्दांचा नाही. माथ्यावर पलीकडचं दिसत नाही. म्हणून रस्त्याचं गणित मांडताना चालकाचा डोळा १.२ मीटर उंचीवर आणि समोरचा अडथळा ०.१५ मीटर उंच धरतात, आणि तो वेळेत दिसावा इतका लांब बाक देतात. झोळात दिवसा सगळं दिसतं, अडचण रात्री. तिथे डोळा बाजूला ठेवून हेडलाइट धरतात, ०.७५ मीटर उंचीचा.

आता 'उभा-आडवा'. याची खरी गंमत अशी की मराठीत उभा म्हणजे नेहमीच आकाशाकडे नव्हे. भेंडी उभी चिरा म्हटलं तर कोणी ती ओट्यावर उभी करत नाही. येवल्याच्या मागावर पैठणीचे उभे धागे आडवेच ताणलेले असतात. उभा म्हणजे लांबीच्या दिशेने, आडवा म्हणजे तिला छेदून. रस्त्याच्या नकाशातही लांबीच्या बाजूने घेतलेला तो उभा छेद आणि रुंदीच्या बाजूने घेतलेला तो आडवा छेद. चढ-उतार दिसतात ते उभ्या छेदात. म्हणजे 'उभा बाक' दोन्ही अर्थांनी बसतो. आणि 'आडवं वळण' आडव्या छेदात शोधायला जाल तर सापडणारच नाही! पुस्तकातल्या 'ऊर्ध्व'बद्दलही माझी कुरकुर आहे. ऊर्ध्व म्हणजे वर. खाली बसलेल्या झोळाला ऊर्ध्व कसं म्हणायचं? निदान 'ऊर्ध्वाधर' तरी हवं होतं.

'वक्र' मात्र मी टाकून देणार नाही. मोजमाप आलं की तोच लागतो. लहानपणी देवळालीजवळ रुळांवर काम करणारी गँग बघायचो. दोघं वीस मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणून धरायचे, तिसरा वाकून मधोमध दोरी आणि रूळ यांतलं अंतर पट्टीने मोजायचा आणि आकडा ओरडायचा. तोंडात शब्द 'गोलाई' आणि, त्या मधल्या अंतरासाठी, 'वर्साईन'. आपल्या रेल्वेत वक्र किती तीव्र ते अंशांत सांगतात; १७५०ला त्या अंशांनी भागलं की वक्राची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. दोन अंशांच्या वक्राची ८७५ मीटर, आणि त्यावर त्या दोरीच्या मध्याशी भरतात सुमारे ५७ मिलिमीटर.

हे सगळं धनुष्य आहे. रूळ म्हणजे चाप, दोरी म्हणजे ज्या, मधलं अंतर म्हणजे शर. नाशिकरोडहून भुसावळकडे निघालात की चाळीसगाव लागतं. तिथून जवळच पाटण, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांच्या लीलावतीत ज्या आणि व्यास यांवरून शर काढायची रीत दिली आहे. गँगवाल्याचा तो ५७चा आकडा त्या रीतीनेही तेवढाच येतो. वर्साईनला 'शर' म्हणायला आपण का कचरतो, कोण जाणे.

तेव्हा मुलाला सांगा, पेपरात 'क्षैतिज वक्र' आणि 'ऊर्ध्व वक्र'च लिही, गुण त्यालाच आहेत. साइटवर 'वळण' आणि 'उभा बाक' म्हणून बघ. सुपरवायझर एक क्षण थांबतील, आणि बहुधा 'हां, व्हर्टिकल कर्व्ह' म्हणून पुढे चालू लागतील.