आकाशगंगेच्या शेजारच्या दीर्घिका इतकी वर्षं कुणाला दिसल्या कशा नाहीत?

तुमची शंका रास्त आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांचे फोटो निघतात, मग आपल्या आकाशगंगेभोवतीच फिरणाऱ्या बटू दीर्घिका २००५ नंतर, २०१५ नंतर, अगदी परवापरवा कशा काय ‘सापडतात’?

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी आकाश-सर्वेक्षणांचा खुला डेटा उपसत बसतो. तेवढ्या भांडवलावर सांगतो: यातल्या बऱ्याच दीर्घिकांचे तारे आधीपासून फोटोंत होतेच. ते सगळे एकाच घरचे आहेत, हे कळत नव्हतं.

सिंह राशीतली मघा तुम्ही पाहिली असेल. हात लांब करून मधली तीन बोटं धरलीत तर साधारण पाच अंश होतात. मघेच्या उत्तरेला त्याहून थोड्या कमी अंतरावर, चार अंशांवर, सेग्वे १ नावाची दीर्घिका आहे. अंतर सुमारे ७५ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे अगदी उंबऱ्यात. पण तिचा सगळा प्रकाश मिळून जेमतेम तीनशे सूर्यांइतका. एखादा बरा राक्षसी तारा एकटा याहून जास्त उजळ असतो. त्यात तिचे तारे विरळ पसरलेले, आणि त्यांच्या पुढेमागे आपल्याच आकाशगंगेचे तारे दाटीवाटीने उभे. फोटोकडे टक लावून बसलात तरी तिथे काही वेगळं दिसणार नाही.

डोळ्यांनी सापडण्यासारख्या होत्या त्या आधीच सापडल्या. १९३८ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हार्लो शेपली यांना स्कल्प्टर आणि फोर्नॅक्स या बटू दीर्घिका मिळाल्या त्या फोटोंच्या काचेच्या प्लेटांवर. २००४ पर्यंत मॅगेलनचे दोन मेघ (या शेजारच्याच दोन दीर्घिका) धरून हिशेब अकरावर अडकला होता. आणि तिकडे संगणकावरची प्रारूपं शेकडो हव्यात म्हणत होती.

मग न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर चाललेल्या स्लोन सर्वेक्षणाने फोटोंऐवजी तक्ते हातात दिले: प्रत्येक ताऱ्याची जागा, तेज, रंग. खरी गंमत इथून पुढे आहे. एकाच काळात जन्मलेले, आपल्यापासून सारख्याच अंतरावरचे तारे रंग आणि तेज यांच्या आलेखावर एका ठरावीक वक्र रेषेवर बसतात. म्हणून बारा-तेरा अब्ज वर्षांच्या म्हाताऱ्या ताऱ्यांची रेषा घ्यायची, ती समजा एक लाख प्रकाशवर्षांवर सरकवायची, आणि तिच्या आसपास न बसणारे सगळे तारे सरळ गाळून टाकायचे. उरलेले आकाशाच्या नकाशावर मांडून कुठे गर्दी होते ते बघायचं. नाही झाली तर रेषा पुढच्या अंतरावर सरकवून पुन्हा तेच. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एक लांबलचक क्वेरी आहे, फक्त टेबलात कोट्यवधी ओळी आहेत.

यात फसगत भरपूर. माझी ‘पहिली दीर्घिका’ तीन रात्री टिकली. अगदी मंद पातळीवर दूरच्या दीर्घिकाही ताऱ्यांसारख्या ठिपक्यागत दिसतात, आणि माझी गर्दी म्हणजे तसल्या दूरच्या दीर्घिकांचा एक समूह निघाला. घरात तोवर पेढे वाटून झाले होते.

म्हणून गर्दी दिसली की ती नुसती उमेदवार असते. पुढे मोठ्या दुर्बिणीवर एकेका ताऱ्याचा वर्णपट घेऊन वेग मोजतात. सगळे साधारण एकाच वेगाने चाललेले असतील तर ते सोबतीचे. सेग्वे १ मध्ये असे ७१ तारे हाती लागले, आणि त्यांच्या वेगांतल्या बारीक फरकावरून वस्तुमान निघालं काही लाख सूर्यांचं. प्रकाश तीनशे सूर्यांचा! उरलेलं सगळं कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. शास्त्रज्ञ या फिकुटल्या दीर्घिकांमागे इतके का लागलेत, त्याचं एक मोठं कारण हे.

२०१५ चा किस्सा मला फार आवडतो. चिलीतल्या चार मीटरच्या ब्लँको दुर्बिणीवर ५७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा लावून डार्क एनर्जी सर्वेक्षण चालू होतं. त्यांचे कच्चे फोटो वर्षभराने सर्वांसाठी खुले होत. केंब्रिजच्या गटाने ते उतरवून घेतले, स्वतःचे तक्ते बनवले, आणि मार्चमध्ये एकाच दिवशी दोन निबंध आले: सर्वेक्षणवाल्यांच्या आठ वस्तू, केंब्रिजच्या नऊ. बहुतेक त्याच. घरमालक आणि पाहुणे एकाच वेळी ताटावर!

दुसरी युक्ती गाया यानाची. ते ताऱ्यांचं आकाशात किंचित सरकणं, म्हणजे निजगती, मोजत असे. एका दीर्घिकेचे तारे जवळपास सारखेच सरकतात, म्हणून ते गर्दीतून वेगळे काढता येतात. २०१८ मध्ये त्याच्या डेटातून अँटलिया २ निघाली. पसारा मोठ्या मॅगेलन मेघाएवढा, पण त्याच्यापेक्षा हजारो पटींनी मंद, आणि वर आकाशगंगेच्या तबकडीमागे दडलेली.

आता आकडा साठच्या वर गेलाय, पण त्यातल्या काहींवर वाद आहेत. २०२३ मध्ये सप्तर्षीत सापडलेल्या एका वस्तूत ताऱ्यांचं वस्तुमान जेमतेम १६ सूर्यांइतकं भरलं. ती दीर्घिका की नुसता तारकागुच्छ, म्हणजे कृष्णद्रव्य नसलेला ताऱ्यांचा पुंजका, यावर अजून जुंपलेली आहे. मला विचाराल तर मी गुच्छाच्या बाजूने.

स्वतः करून बघायचं असेल तर गायाचा डेटा फुकट आहे. सुरुवात स्कल्प्टरपासून करा. तिच्या जागेभोवती दोन अंशांतले तारे उतरवा आणि निजगतींचा आलेख काढा. पसरलेल्या ठिपक्यांत एक घट्ट पुंजका दिसेल. तेवढेच तारे नकाशावर मांडा, आणि आलेख मला पाठवा.