वाचकांचे प्रश्न : पँगाँगचा वारा आणि मुक्कामाची उंची

प्रश्न : येत्या सप्टेंबरात, चवथ आटोपल्यावर, आम्ही चौघे (मी, पत्नी, १० वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांची आई) लडाखमधील पँगाँग सरोवर पाहण्याचा बेत करीत आहोत. पहिल्या दिवशी मोपाहून दिल्लीमार्गे लेह, दुसऱ्या दिवशी पँगाँग व काठावर तंबूत मुक्काम आणि तिसऱ्या दिवशी परत, असा आराखडा आहे. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेथे वारा फार असतो असे ऐकतो. एवढे दिवस पुरतील का आणि कपडे कोणते न्यावेत?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला बेत निदान तीन दिवसांनी वाढवावा, हे सुरुवातीलाच सांगतो. आपण समुद्रसपाटीजवळून निघून विमानाने थेट सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या लेहमध्ये उतरणार आणि तेथून पँगाँगचा काठ आणखी साडेसातशे मीटर वर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब गोव्यातील दाबाच्या सुमारे ६० टक्केच असल्यामुळे श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. वाटेतल्या चांग ला खिंडीत पिशवीतले वेफर्सचे पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले दिसते, ते याच कारणाने.

उंचावरच्या प्रवासात साधारणपणे पाळला जाणारा नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये. तेव्हा लेहमध्ये तीन रात्री काढाव्यात, त्यांतला पहिला दिवस अक्षरशः पडून काढावा आणि चौथ्या रात्री सरोवराच्या काठाऐवजी अलीकडच्या तांगत्से गावी, सुमारे ३,९०० मीटरवर, मुक्काम करावा. तंबूतल्या रात्रीची हौस मी समजू शकतो. पण आपल्यासोबत आई आणि लहान मूल असल्याने मी तरी ती सोडायलाच सांगेन. याला आणखी एक कारण आहे, जे नकाशावर चटकन ध्यानात येत नाही. उंचीचा त्रास बळावला तर खरा उपाय खाली उतरणे हाच असतो. मात्र पँगाँगहून, आणि तांगत्सेहूनही, लेहला उतरायचे तर आधी ५,३०० मीटरहून उंच चांग ला खिंड चढावी लागते. रात्री दोन वाजता हा पेच पडू नये, म्हणून मुक्काम जितका खाली तितका बरा.

आता वाऱ्याविषयी. आपल्या मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात आणि रात्री मतलई वारे वाहतात, तसाच प्रकार तेथे अधिक जोराने घडतो. उन्हाने उघडे, झाडे नसलेले डोंगरउतार झपाट्याने तापतात, थंड पाण्यावरची हवा तशी तापत नाही आणि दुपारपासून दऱ्यांमधून वारा सुसाटत येतो. लेहची विमाने बहुतेक सकाळीच ये-जा करतात, त्यामागेही हा दुपारचा वारा हे एक कारण आहे. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा लेहहून पाच-सहा तासांचा प्रवास करून दुपारी तीन वाजता पोहोचलो. पाण्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या, कॅमेऱ्याची तिवई दोनदा आडवी झाली आणि डोंगरांचे जे प्रतिबिंब पाहण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याचा मागमूसही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तेच पाणी ताटासारखे स्थिर होते. तांगत्सेहून पहाटे निघाल्यास तासाभरात आपण काठावर असाल. दुपारचे जेवण मात्र माघारी येऊन घ्यावे.

कपड्यांबाबत गोव्यातल्या घरांत बहुधा दोनच गोष्टी सापडतात, सुती कपडे आणि पावसाळी रेनकोट. त्यांतला रेनकोट वारा अडवतो, पण प्लास्टिकचा असल्यास आत घाम साचून अंग गारठते. म्हणून आत लोकरीचे किंवा फ्लीसचे दोन थर आणि वर वारा न शिरणारे जाकीट, असे करावे. पारा ५ अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला शून्याखालची थंडी जाणवते. कानटोपी, हातमोजे आणि काळा चश्मा विसरू नये; दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे थंडीतही चेहरा भाजतो.

आईंना नेण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना हा कार्यक्रम उंचीच्या आकड्यांसह दाखवावा. उंचीसाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळीही त्यांनाच विचारून घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. मुलगी डोके दुखते असे सांगेलच असे नाही. ती जेवत नसेल, उगाच किरकिर करीत असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असे धरून चालावे. बसल्या जागी धाप लागणे, बरळणे किंवा सरळ रेषेत चालता न येणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. म्हणूनच तांगत्सेला गाडी व चालक रात्रभर आपल्याजवळ राहतील, हे भाडे ठरवतानाच पक्के करून घ्यावे. तेथे पोस्टपेड मोबाइलच न्यावा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे लडाखमध्ये चालत नाहीत.