वाचक विचारतात : ओईचं क्रेडिट कुठं अडतं?

प्रश्न : मी कोल्हापुरात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) इतिहास. ओपन इलेक्टिव्ह (ओई, म्हणजे आवडीनं निवडायचा जोडविषय) म्हणून मानसशास्त्र भरलं, तर कॉलेजनं अर्ज परत केला. विषय वेगळाच आहे की!
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : विषय वेगळा आहे, विद्याशाखा नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या राज्याच्या पदवी आराखड्यात ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. 2016च्या विद्यापीठ कायद्यानं विद्याशाखा चार केल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र ही सगळी मंडळी मानव्यविद्येतच. आता विज्ञान किंवा वाणिज्याकडचा ओई निवडा, पण आधी ऑफिसात विचारा, यंदा त्याचा वर्ग भरणार आहे का? यादीत नाव असतं, वेळापत्रकात नसतं. आणि एक, ओईची जादा क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) मेजरच्या खात्यात वळवता येत नाहीत. मेजर, ओई अशा प्रत्येक रकान्याचा हिशेब वेगळा.

प्रश्न : एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) 8 आठवड्यांचा कोर्स केला. परीक्षेत 75पैकी 52 मिळाले, तरी प्रमाणपत्र नाही. असाइनमेंटचे 25पैकी 8 होते.
– एक वाचक, कागल

उत्तर : तिथंच गाडी अडली. असाइनमेंटमध्ये 25पैकी 10 आणि परीक्षेत 75पैकी 30, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. बेरीज 60 झाली तरी चालत नाही. 8 असाइनमेंटपैकी सर्वोत्तम 6 धरतात, म्हणजे दोन चुकल्या तर खपतं, तिसरीला शून्य धरून सरासरी घसरते. पुढच्या वेळी आणखी एक खबरदारी घ्या. 8 आठवड्यांना साधारण 2 क्रेडिट मिळतात, पण ती कोणत्या रकान्यात धरायची हे नोंदणीआधी कॉलेजकडून लेखी घ्या. निकालानंतर प्रमाणपत्र घेऊन गेलात, तर 'हे आमच्या यादीत नाही' हेच ऐकावं लागेल.

प्रश्न : एबीसी (अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) आयडी काढलाय, पण क्रेडिट दिसत नाहीत.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी नाव ताडून बघा. आपल्याकडं गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. कधी वडिलांचं नावच गाळलेलं. आधार दुरुस्त करायचं की कॉलेजची नोंद, ते ठरवून एकच रूप ठेवा. मग कॉलेजकडं दिलेला 12 अंकी आयडी एकेक आकडा वाचून तपासा. दोन्ही बरोबर असेल, तर विद्यापीठानं त्या सत्राची क्रेडिट चढवलीत का ते परीक्षा विभागात विचारा; विद्यार्थ्याला स्वतः ती चढवता येत नाहीत.