पाइपातले झाड कधी बाहेर येते?

प्रश्न : १९९० च्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि मारिओच्या कॅसेटवर आम्ही भावंडांनी कित्येक सुट्ट्या घालवल्या. हिरव्या पाइपातून वर येणाऱ्या त्या दातेरी झाडाने मला असंख्य वेळा आउट केले. आता माझी नऊ वर्षांची मुलगी तोच गेम खेळते आणि ठामपणे सांगते, की पाइपाला चिकटून उभे राहिले तर झाड बाहेर येतच नाही. मला मात्र पाइपाजवळ असतानाच झाड लागल्याचे स्पष्ट आठवते. आमच्यापैकी बरोबर कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दोघेही बरोबर आहात. हे कसे शक्य आहे ते कळण्यासाठी झाडाचा नियम नीट पाहावा लागतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण म्हणता तो गेम म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याची रचना केली. त्यातल्या या झाडाला इंग्रजीत ‘पिरान्हा प्लँट’ म्हणतात. ते पाइपातून वर येते, सुमारे एक सेकंद वर थांबते, पुन्हा खाली जाते आणि खाली तेवढाच वेळ थांबून परत वर यायला सिद्ध होते. वर निघण्याच्या त्या नेमक्या क्षणी गेम एक गोष्ट तपासतो : मारिओ आणि झाड यांच्यातले आडवे अंतर किती आहे? ते अंतर पडद्यावरच्या ३३ ठिपक्यांपेक्षा कमी असेल, तर झाड खालीच राहते. या गेममधली एक वीट १६ ठिपके रुंद असते, म्हणजे ही मर्यादा दोन विटांहून किंचित जास्त झाली. पाइपाच्या डावीकडे किंवा उजवीकडे अगदी लगत उभा असलेला मारिओ या मर्यादेत येतो, आणि पाइपाच्या तोंडावर उभा असलेला तर येतोच. आपल्या मुलीचे निरीक्षण इथपर्यंत अचूक आहे, आणि ते तिने कोणी न सांगता खेळता खेळता केले असेल तर तिचे मनापासून कौतुक करावे.

आता आपली आठवण. ही तपासणी फक्त झाड पूर्ण खाली असताना, निघण्यापूर्वी होते. एकदा ते वर यायला लागले की मारिओ कुठे आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. दोन-तीन विटा दूर असताना झाड निघाले आणि त्याच वेळी आपण धावत येऊन पाइपावर उडी मारली, की ते आपल्याला लागणारच. घाईघाईने धावणाऱ्या मुलाला नेमके असेच होते, आणि आउट झाल्यावर आठवते एवढेच की ‘मी तर पाइपाजवळच होतो’. झाड निघण्यापूर्वी आपली जागा पाहते, निघाल्यावर पाहत नाही. नियम एवढाच आहे आणि तो गेम कधीही मोडत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी दुरून उडी मारण्याऐवजी झाड वर असेल तर थांबावे, ते खाली गेले की पाइपाला भिडावे आणि मग निवांतपणे पाइपावर चढून पलीकडे उतरावे. आपण दोन विटा पुढे गेलात की अडलेले झाड लगेच मागे डोके वर काढेल, पण तोवर त्याचा आपल्याशी संबंध उरलेला नसेल.

हे झाड मला या गेममधला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला शत्रू वाटते. हा सबंध गेम उडी मारून शत्रूच्या डोक्यावर पडण्याचा आहे; गूंबा नावाचा चालता शत्रू असो की कासव, वरून उडी मारली की काम झाले. झाडावर मात्र उडी चालत नाही. वरून पडले तरी मोठा मारिओ लहान होतो आणि लहान मारिओचा एक जीव जातो. त्याला घालवायचे तर आगीचा गोळा हवा, किंवा तारा मिळाल्यानंतरची थोड्या वेळाची अभेद्यता हवी. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याला थांबण्यावाचून मार्ग नसतो. सतत पुढे धावायला लावणाऱ्या गेममध्ये थांबायला शिकवण्याचे काम या झाडाकडे आहे.

ते शिकवण्याचा क्रमही पाहण्याजोगा आहे. गेमच्या सूचनांमध्ये उभा पाइप काढण्याच्या कृतीतच झाड बसवण्याची कृती गोवलेली आहे, म्हणजे पाइप आला की झाड ओघानेच येते. (शत्रूंसाठी एका वेळी पाचच जागा राखलेल्या असतात, त्या सगळ्या भरलेल्या असतील तर पाइप रिकामा राहतो.) या नियमाला पहिल्या लेव्हलचा, म्हणजे १-१ चा, मुद्दाम अपवाद केलेला आहे. तिथे एकाही पाइपात झाड नाही. नवा खेळाडू पाइप म्हणजे ओलांडायचा अडथळा हे आधी शिकतो, चौथ्या पाइपात खाली उतरता येते हे त्याला कदाचित कळते, आणि पाइपांची भीती पुरती गेल्यानंतर जमिनीखालच्या १-२ मध्ये त्याला पहिले झाड भेटते.

एक बारीकसा तपशील सांगण्याचा मोह आवरत नाही. झाड पाइपाच्या आत जाताना दिसते, पण पाइपाला आत अशी जागाच नाही. झाडाचे चित्र पार्श्वभूमीच्या मागे काढावे अशी खूण त्याच्या नोंदीत केलेली असते. त्यामुळे ते पाइपाच्या मागून वर-खाली सरकते आणि आपला डोळा त्याला पाइपात शिरलेले मानतो.

मुलीला आणखी एक सांगून ठेवावे. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात लाल रंगाची झाडे आहेत आणि ती मारिओ पाइपाला लागून उभा असला तरी बाहेर येतात. पहिल्या भागात पाठ झालेली युक्ती तिथे अंगाशी येते.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीचे चित्र दाखवले की ‘हे तर मारिओमधले झाड’ असे म्हणतात. ही तुलना कितपत योग्य आहे? आपल्याकडचे एखादे उदाहरण देता येईल का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : रूपापुरती तुलना योग्य आहे. दोन पाकळ्यांसारखा उघडणारा जबडा आणि कडेचे दात पाहून फ्लायट्रॅपची आठवण होणे साहजिक आहे, आणि १९८८ च्या तिसऱ्या भागात आग ओकणाऱ्या झाडाला इंग्रजीत ‘व्हीनस फायर ट्रॅप’ असे नावही दिले गेले. वर्तन मात्र जवळजवळ उलट आहे. अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत मूळ असलेली ही वनस्पती जागची हलत नाही. तिच्या पानावरच्या संवेदनशील केसांना सुमारे वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला, तरच पान मिटते. खरी वनस्पती स्पर्श मोजते, गेममधले झाड वेळ मोजते. विद्यार्थ्यांना हा फरक सांगितल्यास दोन्ही गोष्टी त्यांच्या लक्षात राहतील असे वाटते.

उदाहरणासाठी आपल्याला फार लांब जावे लागणार नाही. कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या पानांवरचे चिकट थेंब दवासारखे चमकतात, कीटक त्यांना चिकटतो आणि पान हळूहळू त्याच्याभोवती वळते. सीतेची आसवे म्हणून आपण ज्या निळ्याजांभळ्या फुलांचे गालिचे पाहायला जातो, तीही कीटकभक्षीच आहेत. त्यांचे सापळे म्हणजे ओल्या मातीत दडलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिशव्या, ज्या सूक्ष्म जीवांना पाण्यासह आत ओढून घेतात. शिकारीचे साधन जमिनीखाली आणि वर निरागस फूल, ही रचना मला पाइपातल्या झाडाहून अधिक विलक्षण वाटते.

नावाबद्दलही थोडे सांगतो, कारण वर्गात ते उपयोगी पडेल. पिरान्हा हा दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला तीक्ष्ण दातांचा मासा, आणि इंग्रजी नाव त्यावरून आले. जपानीत मात्र याला ‘पाक्कुन फ्लॉवर’ म्हणतात. ‘पाक्कुन’ हा एका घासात तोंडात टाकण्याचा ध्वनी आहे, आपल्या ‘गपकन’सारखा. ‘गपकन फूल’ हे नाव मला पिरान्हापेक्षा केव्हाही अधिक शोभणारे वाटते, कारण त्यात माशाची उसनवारी नाही.

प्रश्न : हे झाड कायम शत्रूच राहिले का?
– इयत्ता आठवीतील वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या गेममध्ये ते स्वतः खेळाडूने निवडायचे पात्र झाले. ही घोषणा १ नोव्हेंबर २०१८ रोजी झाली आणि पुढच्या जानेवारीत ते खेळायला मिळाले. २०२३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये तर पाइपातली झाडे एका लेव्हलमध्ये चक्क गात गात निघतात.

पण आपण एकच प्रसंग पाहणार असाल, तर १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मधला पाहावा. तिथे ही झाडे झोपलेली असतात, आणि मारिओ जवळ गेला की अंगाईची मंद धून सुरू होते. धावत गेलात तर ती जागी होऊन चावायला येतात. कंट्रोलरची दांडी अगदी किंचित कलवली तर मारिओ चवड्यांवर चालतो, आणि धून तशीच वाजत राहते.