सुया टोचून बुद्ध्यांक वाढतो का?

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, बोलणं दोन-तीन शब्दांपुरतंच. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे. ॲक्युपंक्चरने बुद्ध्यांक वाढेल, पुढे गोळ्याही सुटतील, असं आम्हाला सांगितलंय. सुरू करावं का?

उत्तर : गोळ्या सोडण्याचा विचार आधी मनातून काढा. फिट्सचं औषध एकाएकी बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

बुद्ध्यांक वाढतो असं म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही. बरेच अभ्यास छोटे आहेत. अनेकांत सुयांच्या जोडीला स्पीच थेरपीही चालू होती, मग सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं? ऑटिझमबाबत २०११च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा) १० चाचण्या, ३९० मुलं पाहिली गेली; तिथेही ठोस आधार मिळाला नाही. त्यामुळे आमचं मत 'नको' असंच आहे.

तरीही करायचंच ठरवलंत, तर तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना आधी सांगा. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात, म्हणून रक्त तपासून घ्या. सुया बहुतेक डोक्यावरच टोचतात : माथ्यावरचा बैहुई बिंदू आणि त्याच्या चार बाजूंचे सिशेनचोंग. सुई आडवी, कातडीखालून सरकवतात. सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नका. फिट्स असलेल्या मुलीवर तो धोका नको. एकदाच वापरायच्या सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजा, केसांत एखादी सहज राहून जाते. मुलगी हलली की सुई वाकते, म्हणून काही जण हातपाय धरून टोचतात. ते अजिबात होऊ देऊ नका. दुखतंय हे तिला शब्दांत सांगता येत नाही. ती हात झटकते, रडते, तोच तिचा नकार.

प्रश्न : फरक पडतोय हे ओळखायचं कसं?

उत्तर : सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवा, उदाहरणार्थ पाणी मागणं आणि शर्ट स्वतः घालणं. आठवड्यात किती वेळा जमलं, हे लिहून ठेवा. त्या काळात दुसरी थेरपी नव्याने सुरू करू नका, चालू असलेली थांबवूही नका. दोन-तीन महिन्यांत आकडे हलले नाहीत तर थांबा.

मात्र तिची श्रवणचाचणी आणि थायरॉईडची तपासणी झाली नसेल, तर सुयांआधी त्या करा. कमी ऐकू येणं अनेकदा लक्षातच येत नाही. चित्रकार्डं दाखवून मागायला आजपासूनच शिकवा. त्याने बोलणं मागे पडत नाही.